आधी कोण गेलं

पप्पा, आज दुपारी धाकटी येऊन गेली, आणि ती गेल्यावर मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. भांडण आता शिळं व्हायला हवं होतं, झालं नाही.

तुम्ही मला स्कूटरवरून कात्रजला नेलं होतंत तो शनिवार मला अजून लख्ख आठवतो. मी नऊ वर्षांची. बस डेपोत तुमच्याबरोबरच्या एका मेकॅनिकनं स्वतःची चूक तुमच्या माथी मारली होती आणि साहेबांसमोर तुम्हाला खोटारडे म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, आणि मनात कुणाविषयी अढी ठेवून तुम्ही त्या मेजाजवळ जात नव्हतात. मी मागच्या सीटवरून विचारते, "चूक त्यांची ना?" तुम्ही म्हणता, "त्याचीच." "मग आपण का जायचं?" "अगं, शांती काय घरपोच मिळते? तिच्या मागे जावं लागतं." त्या माणसानं आधी तुम्हाला दारातच उभं केलं. तासाभरानं तुम्ही दोघं एकाच ताटलीतली भजी खात होतात. मला तुमचा फार अभिमान वाटला. ज्याच्यासाठी माझे वडील एवढ्या लांब आले त्या माणसाचा थोडा रागही आला. त्याला हेवा म्हणतात हे मला पुढे कळलं.

मग धाकटीचं लग्न. विदर्भातून कामाला आलेला कारखान्यातला मुलगा, आपल्या मंडळीतला नाही, ख्रिस्तीही नाही. नोंदणी करून ती सांगायला आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." वर्षभरात तुमचेच शब्द तुम्हाला बोचायला लागले. तुम्ही धायरीला तिच्या दाराशी गेलात. तिनं दार उघडलं नाही. पुन्हा गेलात, मग आणखी एकदा. चौथ्या खेपेला तिनं उघडलं. दर खेपेला तुमच्या शर्टाला इस्त्री मी करत होते. एकदा स्वयंपाकघरात तुम्हाला वाढताना मी म्हटलं, "पप्पा, किती वेळा जायचं माणसानं?" तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "तुला इथे काय कमी आहे?" एवढंच बोललात. कमी काहीच नव्हतं. मी घर सोडून गेलेच नव्हते, त्यामुळे माझ्यामागे कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता.

तुमच्या अंत्यविधीला पाळकांनी तिला बोलायला सांगितलं. वडील चार वेळा माझ्या दारी आले, हे तिनं सांगितलं आणि सगळी मंडळी रडली. शेवटची सहा वर्षं तुम्हाला अंघोळ घातली मी. माझं नाव आभारात आलं, रुग्णवाहिकेच्या चालकानंतर. घरी परतताना जिन्यात मी तिला म्हटलं, "तू रुसलीस म्हणून तुला वडील मिळाले. मला औषधांच्या वेळा मिळाल्या." ती म्हणाली, "ताई, तुला काय हवं होतं ते त्यांना कधी सांगितलंस?" त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. अकरा वर्षं प्रभुभोजन मात्र घेत राहिले.

परवा पाळकांच्या पत्नीचा फोन आला, की धाकटी रविवारी दुपारी माझ्याकडे येणार म्हणते, मी तिला दारातून परत पाठवू नये. मी शनिवारीच धायरी गाठली.

तिनं लगेच दार उघडलं. हाताला पीठ. "मी उद्या येणार होते, ताई."

"माहीत आहे."

"म्हणून आज आलीस?"

ती बाजूला झाली, मी आत जाऊन बसले आणि "माझं चुकलं" म्हटलं. ते खोटं नव्हतं. तिनं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. मग मी विचारलं, "पप्पा इथे आल्यावर काय बोलायचे?"

"फारसं काही नाही. चहा घ्यायचे. एकदा नळाचा वायसर बदलून दिला."

आपल्या मोरीतला नळ तेव्हा वर्षभर गळत होता, पप्पा.

आज उपासनेनंतर दोघीतिघींनी माझा हात धरून म्हटलं, "शेवटी वडिलांवर गेलीस." मी मान खाली घातली, त्यांना तो नम्रपणा वाटला. धाकटी आधी आली असती तर हेही तिच्याच नावावर लागलं असतं, तेवढं मला सोसवलं नसतं, म्हणून मी गेले होते.

आता तिनं यायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी दुपारी बेल वाजली. छिद्रातून पाहिलं तर तीच, तीन मजले चढून धापा टाकत. इतक्या लांबून माझ्यासाठी म्हणून कुणी आल्याचं मला आठवत नाही. कडीवर हात ठेवून मी तशीच उभी राहिले. तिनं आणखी एकदा बेल वाजवावी म्हणून. तिनं वाजवली, तेव्हा उघडलं आणि म्हटलं, "डोळा लागला होता गं." खरं काय ते तिला सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलं, कारण हे पत्र कुठे टाकायचंच नाही.