पंख्यावरचं कुंकू

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

कॉम्प्युटर राजारामपुरीतल्या दुकानात ठेवून आले. दुकानदारानं झाकण काढलं, तर आतल्या पंख्यावर कुंकवाचा वाळलेला थर.

"वैनी, ह्याच्यावर नारळ फोडला व्हय?"

फोडला नव्हता. पण खंडेनवमीला ह्यांनी पूजा करून नारळाचं पाणी शिंपडलं, दरवर्षीसारखं. जाळीतून आत गेलं असणार. तेव्हापासून कॉम्प्युटर सुरूच होत नाही. आणि गळ्याच्या ऑपरेशनमध्ये ह्यांचा आवाज कायमचा गेलाय. शिकवणीसाठी रेकॉर्ड केलेले धडे, तेवढाच आवाज उरलाय, तोही ह्याच मशीनमध्ये. दुसरीकडे उतरवून ठेवायचं मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले.

"डिस्क वाचली असली तर मिळतील की धडे. उद्या सांगतो," दुकानदार म्हणाला.

असली तर!

घरी आले तर ह्यांनी दारातच पाटी पुढं केली. 'काय झालं?' धूळ बसलीय, म्हटलं. कसं सांगू? पाटी धरलेल्या हाताच्या नखांत अजून तेच कुंकू.

मघापासून डोळे मिटून बसलेय. हे मला हाक कशी मारायचे? शब्द आठवतो, पण आवाज काही केल्या येत नाही. नुसतं पाटीवरचं अक्षर दिसतं.