धुळ्याच्या वॉर्डात काजळ

धुळे, १२ मे २०२१

चि. सौ. ललितास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोललं की खोकला उसळतो, म्हणून आपली पत्रांची जुनी सवय कामाला आली. करोना वॉर्डातून कागद बाहेर जाऊ देत नाहीत. सिस्टर त्याचा फोटो काढून थेट तुझ्या मोबाइलवर पाठवते. ती केरळची, तिला मराठी वाचता येत नाही. त्यामुळे तुझ्या सासूबद्दलही मनमोकळं लिहिता येईल, पण ते नंतर.

ऑक्सिजन आता नावापुरताच लावतात. साखर तेवढी वर-खाली होते. डॉक्टर कोकणातले, वयाने माझ्या विक्रमएवढे. सकाळ-संध्याकाळ येऊन काही त्रास होतो का विचारतात आणि मी आपल्या अहिराणीत बठ्ठं चांगलं शे म्हणून मोकळी होते. आठवड्याभरात घरी पिंपळनेरला सोडतील म्हणतात.

आता खरं ते फक्त तुला सांगते. चार दिवसांपासून उजवी पापणी सुजली आहे, डोळ्यातून सारखं पाणी येतं आणि त्या बाजूचा गाल माझा नव्हेच असं वाटतं. शिवाय सगळं दोन-दोन दिसतं. दोन डॉक्टर, दोन सिस्टर, वरणाच्या दोन वाट्या, पण पोटात जाते ती एकच. काल मी शेजारच्या खाटेवरच्या दिवालीबाईला चांगली दहा मिनिटं माझ्या लग्नाची हकीकत सांगितली. मग खरी दिवालीबाई पलीकडून हसायला लागली. मी सलाइनच्या दांड्याशी बोलत होते.

डॉक्टरांना यातलं काही सांगणार नाही. दिवालीबाई सांगत होती, खालच्या वॉर्डात एका माणसाला ती काळी बुरशी झाली आणि त्याचा डोळाच काढला. मला दोन्ही डोळे घेऊन घरी जायचं आहे. कुणाला बोललीस तर माझी शपथ आहे तुला.

हे एक डोळा मिटून लिहिलं आहे, ओळी वाकड्या गेल्या असतील. लोभ आहे तेवढाच ठेव, मला तो दुप्पट दिसेल.

तुझी अक्का, शेवंता


फैजपूर, १४ मे २०२१

ती. अक्का हिस ललिताचा सा. न. वि. वि.

दिवालीबाईचं वाचून इतकी हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. मग पुढचं वाचलं आणि मोबाइल पदराखाली लपवला. काय बाई तू तरी. लहानपणी विंचू चावला तेव्हाही काही नाही, काही नाही म्हणत राहिलीस आणि पाय भोपळ्याएवढा झाला. अक्का, डॉक्टरांना सांग. आज सांग. हातापाया पडते तुझ्या.

मीच विक्रमला फोन करून सांगणार होते. दोनदा नंबर लावला आणि ठेवून दिला. तुझी शपथ मोडावी आणि तुलाच काही व्हावं, या भीतीने माझं डोकं चालेना झालं.

शेवटी आपली आई डोळे आल्यावर करायची ते काजळ केलं. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली, गाईचं तूप. काजळी उडू नये म्हणून भर दुपारी पंखा बंद करून बसले होते. सासूबाईंनी विचारलं, कुणाचं बारसं आहे.

नजीरभाईंची केळीची गाडी धुळ्यावरून जाते. डबी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवून घेतली आणि दुआ करतो म्हणाले. हायवेवर विक्रम त्यांना गाठेल आणि या पत्राबरोबर तुझ्या जेवणाच्या डब्यात घालेल. त्याला दृष्ट लागू नये म्हणून काजळ आहे एवढंच सांगितलं आहे. काजळ लाव, पण डॉक्टरांनाही सांग. लहान बहिणीचं एकदा तरी ऐक.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ललिता


धुळे, १६ मे २०२१

चि. सौ. ललितास अ. उ. आ.

डबी भातात पुरलेली मिळाली. तुझा भाचा हुशार आहे हे मला आज कळलं. दुपारी दोन बोटं भरून लावलं, पापणीवर, खाली, नाकाच्या कडेलाही. गार वाटलं. ठणका आहे, पण तो काय, जाईल. डॉक्टरांना उद्या सांगेन. बहुतेक.

तुझ्या काजळाने नटलेली,
अक्का


धुळे, १८ मे २०२१

ती. ललिता मावशीस विक्रमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं सांगणं अर्धं राहतं, म्हणून लिहून फोटो पाठवतो. आधी हे वाच की आई शुद्धीवर आहे आणि सिस्टरला उलट उत्तरं देते आहे.

काल सकाळी सिस्टर खाटेपाशी गेली तर आईचा उजवा डोळा, गाल आणि नाकाची बाजू काळीकुट्ट. डोळ्यातल्या पाण्याने काजळ पार ओठापर्यंत ओघळलं होतं. सध्या सगळं हॉस्पिटल त्या बुरशीच्या धास्तीत आहे. सिस्टर मल्याळममध्ये ओरडत धावली. डॉक्टर आले, डोळ्यांचे डॉक्टर आले, नाक-घशाचे आले, सगळे त्या पांढऱ्या पोशाखात. दिवालीबाईंनी एकवीरेला साकडं घातलं. डॉक्टर विचारत होते काय होतंय, आणि आपली आई म्हणते कशी, बठ्ठं चांगलं शे. काजळ लावलं म्हणाली असती तर बोलणी बसली असती ना, म्हणून गप्प.

तिला ट्रॉलीवर घालून तडक एमआरआयला नेलं. तिथून बाहेर आल्यावर नाकाच्या डॉक्टरांनी तपासायला म्हणून कापसाने पुसलं तर सगळं काळं कापसावर आलं. त्यांनी मास्क थोडा बाजूला करून वास घेतला. तूप. मला बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, तुमच्याकडे पेशंटला शृंगार करतात का. मी त्यांची माफी मागितली. भातात डबी पुरणारा मीच.

डोळ्यांचे डॉक्टर हसत होते. तेवढ्यात फिल्म आली आणि त्यांचं हसू थांबलं. मावशी, खोटी बुरशी पुसली गेली आणि खरी सापडली. नाकाच्या मागून डोळ्याकडे सरकत होती. आणखी तीन-चार दिवस गेले असते तर डोळा वाचवणं अवघड होतं, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. आज सकाळी नाकातून ऑपरेशन करून साफ केलं. डोळा काढलेला नाही. आता तीन आठवडे इंजेक्शनं, आणि नजर किती परत येते ते त्यानंतरच कळेल.

मला तुम्हा दोघींचा फार राग आला आहे. तो आई घरी आल्यावर काढीन.

आपला,
विक्रम


फैजपूर, १९ मे २०२१

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

विक्रमचं पत्र वाचताना तुपाच्या वासापर्यंत हसत होते आणि पुढची ओळ तीनदा वाचली. मी शपथ पाळली, अक्का. माझ्या तोंडाला कुलूप होतं आणि ती बुरशी आत सरकत होती. तुला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं.

इथून पुढे तुझी एकही शपथ मी पाळणार नाही, हे या पत्राने कळवते. डॉक्टरांचा नंबर विक्रमकडून घेतला आहे. तुला साधी शिंक आली तरी त्यांना माझा फोन जाईल. इंजेक्शनाने अंग तापतं, थंडी भरते असं म्हणतात. तसं झालं तर सांगायचं. ओरडून सांगायचं.

रागावलेली, तरीही तुझीच,
ललिता


धुळे, ११ जून २०२१

चि. सौ. ललितास अक्काचे आशीर्वाद, या खेपेला उजव्या डोळ्यासकट.

हे दोन्ही डोळे उघडे ठेवून लिहिते आहे. पापणीची सूज उतरली. गालही माझा मला परत मिळाला. परवा त्यावर माशी बसलेली कळली, तर एवढा आनंद झाला की मी तिला बसू दिलं.

आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट समोर धरलं. एक. उजवीकडे नेलं, एक. वर नेलं, एकच. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा एक म्हटलं आणि दिवालीबाईने तिच्या खाटेवरून टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, आजी, दुसरा काही त्रास. आता मी काही लपवत नाही. विक्रमच्या वेळचं कंबरेचं दुखणं सांगितलं, गुडघे सांगितले, पित्त सांगितलं, डावा कान, टाचेची भेग, आणि विक्रम लग्नाचं नाव काढू देत नाही तेही सांगितलं. ते स्टुलावर बसले. दिवालीबाईने मध्येच स्वतःचे दोन त्रास घातले. शेवटी ते म्हणाले, यातलं बरंचसं डोळ्यांच्या विभागात येत नाही, आणि हात जोडून गेले.

उद्या सोडणार आहेत. तू भेटायला येतेस असं विक्रम म्हणाला, मला फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना सांगितली नाही, ती तुला सांगते. त्या दिवशी ट्रॉलीवरून नेताना मी रडले, ते डोळ्यासाठी नव्हे. साठी उलटली, एका डोळ्यानेही भाकरी भाजता येते. पण ही बुरशी डोळ्यापाशी थांबत नाही, माणूसच घेऊन जाते, हे मला ठाऊक होतं. तेव्हा मनात एवढंच आलं की जन्मभर दोन-दोन ललिता दिसल्या तरी मी निभावून नेईन, पण एकही दिसली नाही तर ते मला जमायचं नाही.

तेव्हा लोभ पत्रातून पाठवू नकोस, घेऊनच ये.

तुझी अक्का,
शेवंता