पंच नसलेलं मैदान

परंडा,
बुधवार

प्रिय योगी,

प्रिय लिहिलंय ते सवयीनं. आज तू मला प्रिय वगैरे काही नाहीस. पण आईनं 'काय लिहिलंस ते वाचून दाखव' म्हटलं तर पहिलाच शब्द शिवीचा नको, म्हणून राहू दिलाय. तू म्हणशील, फोन करायचा. रविवारपासून तेच करतेय. आधी तू मीटिंगमध्ये होतास. मग एकदाचा उचललास, तर माझं अर्धं वाक्य होईपर्यंत तुझी तीन झाली, आणि वर म्हणालास, 'आक्का, शो आहे गं तो, मनावर काय घेतेस.' कागदाला मध्येच तोडता येत नाही. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

रविवारचा तुझा कार्यक्रम आम्ही सगळ्यांनी पाहिला, नेहमीसारखाच. आबांना लकवा झाल्याला आता दिवाळीला वर्ष होईल. तेव्हापासून त्यांची वाचा गेली, हे तुला माहीतच आहे. पण रविवारी तुझी वेळ झाली की डाव्या हातानं खूण करून ते मोबाईल मागतात. आई खाटेजवळच्या स्टुलावर तांब्याला टेकवून तो उभा करते आणि गल्लीत कुणी मोठ्यानं बोललं तरी त्याला दटावते. आधी तू क्रिकेटचा कर्णधार बदलला त्यावर बोललास. मग कबड्डीच्या लिलावावर, मग हरल्या हरल्या हाकलून दिलेल्या त्या फुटबॉलच्या प्रशिक्षकावर. समोरच्या पाहुण्याला तू बोलू देत नव्हतास, तरी आई कौतुकानं म्हणाली, 'बोलतो लई चांगला माजा योगी.' आणि मग आठवड्यातली सगळ्यात मोठी बातमी म्हणून पडद्यावर मी खेळवलेल्या आमच्या वैष्णवीचा फोटो आला. तिच्या वर गेलेल्या हाताभोवती लाल गोल काढलेला.

तू काय बोललास ते मी इथं पुन्हा लिहिते, म्हणजे कागदावर ते कसं दिसतं ते तुलाही कळेल. खो-खो लीगचा अंतिम सामना, शेवटचा डाव, वैष्णवी पळत होती. मागच्या पोरीनं खांबाजवळ सूर मारला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. बोट वैष्णवीच्या कंबरेला टेकलं की नाही, ते कॅमेऱ्यातही नीट दिसत नाही. तरी वैष्णवीनं आपण होऊन हात वर केला आणि मॅटबाहेर गेली. आणखी थोडा वेळ तगली असती तर चषक तिच्या संघाचा होता. इथपर्यंत तू खरं तेच सांगितलंस. पुढं म्हणालास, 'कुणी बाद दिलं नाही, मग ही पोरगी बाहेर गेली कशी? माणूस फुकट हात वर करतो का? सध्या हात वर करायचा भाव काय चालू आहे?' आणि हसलास. पाहुणाही हसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मुंबईच्या किंवा दिल्लीच्या एखाद्या कोटवाल्यानं हे म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? पण तुला माहीत आहे, योगी. साऱ्या देशात जी चार माणसं त्या हाताचं कारण सांगू शकली असती, त्यातला एक तू होतास. आणि तू भाव विचारलास.

आपल्या मैदानावर पंच नसायचा. किल्ल्याच्या खंदकापलीकडची ती मोकळी जागा, बाभळीचे दोन खांब, फक्कीच्या रेषा, आणि पी.टी.चे सर म्हणून आबा एकटे. ते एका वेळी तीन टोळ्या खेळवायचे, प्रत्येक डावाकडे कुठून बघणार? म्हणून त्यांनी नियमच करून टाकला होता. ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा आणि निघायचं. मारणाऱ्यानं ओरडायचं नाही, बघणाऱ्यानं सांगायचं नाही. मी त्याच शाळेत लागले, त्याच मैदानावर पोरी खेळवते, आणि आजही तोच नियम आहे. वैष्णवी पाचवीला ईट गावाहून आली तेव्हापासून आपल्या घरी राहते, तुझ्याच खोलीत. तिचा हात तिनं वर केला नाही. तो आपोआप गेला. मॅट, दिवे, कॅमेरे, दहा पंच, सगळं असताना तिचं अंग परंड्याच्याच मैदानावर होतं. एवढीच काय ती तिची चूक.

आणि अणदूरची स्पर्धा विसरलास? तू सातवीत होतास. शेवटचा गडी तूच उरला होतास. तुझ्या खांद्याला पुसटसं बोट लागलं, पंचाला दिसलं नाही, आणि तू हात वर करून बाहेर आलास. आपण हरलो. येताना एसटीत पोरांनी तुला बसायला जागा दिली नाही. बालाघाटाच्या डोंगरातल्या वळणांवर तू दांड्याला धरून उभा होतास, नाक ओढत. आबांनी शाबासकी दिली नाही की जवळ घेतलं नाही. स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाले, 'हात गेला न्हवं वर? मग झोप लागंल.' त्या रात्री तू खरंच मेल्यासारखा झोपलास. सकाळी आईनं पाणी शिंपडून उठवलं. तेव्हा तुझ्या हाताचा भाव काय चालू होता रे?

कार्यक्रमाचं नाव तरी कुठून आणलंस? 'रविवारचा खो'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शाळेत सगळ्यांना पेढे वाटले होते. आबा शाळेतून आठवड्याभराची वर्तमानपत्रं आणायचे, आपण खेळाची पानं तेवढी काढून घ्यायचो, आणि रविवारी संध्याकाळी चुलीपुढं वाद. एखादा फलंदाज द्विशतकाजवळ असताना कर्णधारानं डाव सोडावा का, जखमी खेळाडूला खेळवावं का, रेफ्रीशी हुज्जत घालणाऱ्याला किती सामने घरी बसवावं. एक बाजू तुझी, एक माझी. पहिली भाकरी संपली की आबा तुझ्या नाहीतर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, 'खो!' की बाजू बदलायची. आतापर्यंत जे खोडत होतो तेच जीव तोडून मांडायचं. तू जिंकत असलास की आई मुद्दाम दुसरी भाकरी सावकाश थापायची, म्हणजे तुला आणखी थोडं बोलता यावं. तू रडायचास, 'आबा, पण माझंच खरं आहे!' आबा म्हणायचे, 'आसंल. पर त्याचं म्हननं तुला मांडता येत न्हाय, तवर तुजं तुलाच कळलं न्हाय.' तू आमच्या चुलीवरून नाव उचलून नेलंस आणि अर्धा खेळ इथंच टाकून गेलास. तिथं तू कधी बाजू बदलतोस? दीड वर्ष बघतेय. एकदाही नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

बरं, पहिली भाकरी संपली असं धर. मी नियम पाळते. आता तुझी बाजू मांडते, आणि चोरून मांडत नाही. सामने विकले जातात, हे खोटं नाही. जिथं पैसा येतो तिथं शंका घेणारं कुणीतरी पाहिजे, आणि तेच तुझं काम आहे. बाद कोण ते पंचानं ठरवायचं, खेळाडूनं नाही, हा नियम आपल्या मैदानाहून मोठा आहे. तिच्या संघातल्या बाकीच्या पोरींनीही वर्षभर घाम गाळला होता. स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी तिनं साऱ्यांचा चषक घालवला, असं कुणी म्हणालं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. ईटच्या पारावर म्हातारी माणसंही म्हणालीच की, पोरीनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तुझ्यावर वरचे साहेब असतात, थंड बोललास तर लोक दुसरीकडं जातात, पुण्यातलं घर चालवायचं असतं, हेही कळतं मला. झालं? तुझ्यापेक्षा बरी मांडली असेन. यातलं काहीही तू बोलला असतास तर मी चिडले असते, तुझ्याशी फोनवर भांडले असते आणि जेवून झोपले असते. तो वाद झाला असता. पण तू वाद घातलाच नाहीस. एका वीस वर्षांच्या पोरीच्या कपाळावर चोर लिहिलंस आणि जाहिराती लावल्यास.

तुझी ती हसण्याची चित्रफीत सोमवारी सकाळी ईटमध्ये पोरासोरांच्या मोबाईलवर होती. बालाजीभाऊ, वैष्णवीचे वडील, भूमला बियाणं आणायला गेले, तर स्टँडवर कुणीतरी विचारलं, 'पोरीनं किती घेतले हो?' ते तसेच उलट्या पावली बस धरून माझ्याकडे आले. आवाज चढवणारा माणूस नाही तो. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, 'म्याडम, लई झाला खेळ. लीगवाल्यांनी पोरीला चोर ठरवलं तर म्या तिला घरी नेणार. मग पुन्ना मैदान न्हाय.' लीगची चौकशी चालू आहे. समिती येत्या सोमवारी बसणार, म्हणजे तुझ्या पुढच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी. मैदान का सोडलं त्याचं कारण लेखी द्या, असं त्यांनी विचारलं. तिनं लिहिलं, 'लागलं होतं म्हणून.' तीनच शब्द. मी म्हटलं, अगं, आणखी काहीतरी लिही. तर म्हणाली, 'आनखी काय झालंच न्हाय, म्याडम.' बारा वर्षांचा होतास तेव्हा तूही असंच बोलायचास.

ती रडत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. गुडघ्याच्या पट्ट्या धुऊन वाळत घातल्यात, त्या दोरीवरून काढलेल्या नाहीत. काल मला तिनं एकच विचारलं, 'योगीदादा आपल्याच मैदानावरचे न्हवं?' 'व्हय' म्हणायची लाज वाटली मला, योगी. माझ्या सख्ख्या भावाची.

आणि कालचीच आणखी एक गोष्ट. संध्याकाळी सराव चालू होता, वैष्णवी पायरीवर नुसती बसून बघत होती. सहावीतली अक्षदा पळत होती. चांगली चपळ पोरगी आहे. तिच्या पाठीला हात लागला, स्वच्छ लागला, मी समोरच उभी होते. तिचा हात निम्मा वर गेला. मग तिनं पायरीवरच्या वैष्णवीकडं बघितलं, हात खाली घेतला आणि पळत राहिली. मी तिला थांबवलं नाही. काय म्हणून थांबवू? हात वर केल्यावर काय होतं ते तिनं तुझ्या तोंडून ऐकलं होतं. आबांनी एक जन्म घालून जे उभं केलं ते तू जाहिरातीच्या आधीच्या दोन मिनिटांत मोडलंस.

एवढ्यावर मी हे पत्र संपवणार होते, आणि खरं सांगते, पाठवणारही नव्हते. लिहून राग उतरला असता तर फाडून टाकलं असतं. पाठवतेय ते वेगळ्याच कारणानं, आणि ते फोनवर सांगितलं असतं तर तू रडला असतास, मीही रडले असते आणि राग वाहून गेला असता. म्हणून मुद्दाम शेवटी लिहिते. रविवारी तू भाव विचारून हसलास ना, तेव्हा आबा खाटेवर उठायला लागले. आई धरायला धावली, त्यांनी तिला बाजूला सारलं. डावा हात लांब केला, मोबाईलपर्यंत नेला आणि पडद्यावर थाप मारली, आणि स्पष्ट म्हणाले, 'खो.' वर्षात पहिला शब्द, योगी. त्यांच्या बोटानं कार्यक्रम जागच्या जागी थांबला होता, तुझं तोंड उघडंच. आबा वाट बघत राहिले. आता तो बाजू बदलेल, म्हणून. कितीतरी वेळ त्यांनी तुझ्या त्या थांबलेल्या तोंडाकडं बघितलं. शेवटी आईनं, त्यांना बरं वाटावं म्हणून, बोट लावून तुला पुन्हा चालू केलं, आणि तू जिथं होतास तिथूनच पुढं बोलत राहिलास. आबांनी तोंड भिंतीकडं केलं. तेव्हापासून ते पुन्हा बोललेले नाहीत. येत्या रविवारी ते मोबाईल मागतील, मी ओळखते त्यांना. वैष्णवी आणि बालाजीभाऊही इथंच असतील. पाठीवर खो पडल्यावर बसून राहायचं नसतं, हे तुला मी शिकवायला नको. ऊठ.

तुझीच, आणि हे मात्र सवयीनं नाही,
आक्का