आईचा अळणी नवस

ती. रत्नाताईस नमस्कार.

आठ दिवस झाले, लिहीन म्हणतो अन् टाळतो. घरचा फोन आईच उचलते, म्हणून पत्र. मी दवाखान्यात हाय, पण बरा हाय.

चिकलठाण्याला पत्र्याखाली काम करताना लई घाम यायचा, अन् मी नुसतं पाणी ढोसायचो. शेवटी उलट्या होऊन फिटचा झटका आला. रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, पार उतरलं होतं. ते हळूहळूच चढवतात, घाई केली तर मेंदूला इजा होते. इथं पडून जीव नुसता उबगतो. खिडकीतून विमानं दिसतात. आप्पा कसे हायेत?

शेजारच्या खाटेवरच्या काकासाहेबांना बायको ओळखू येत नाय. त्यांचंही सोडियमच, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीनं उतरलं. आईला तीच गोळी हाय ना? वर मी घरी येईपर्यंत तिनं नवसापायी मीठ सोडलंय. मागच्या पत्रात तिला चक्कर येते म्हणालीस, तर आधी डॉक्टरकडं ने.

थांब, दारात आईच भिंत धरून उभी हाय. कामावरच्या कुणीतरी तिला कळवलं म्हणे, अन् तुला बाजाराचं सांगून निघाली. म्हणते, "घरी चल, मग मीठ खाते."

तिला माझ्याच खाटेवर निजवलंय. सिस्टर रक्त घेतायत. कामावरचा एक गडी आत्ताच गावाकडं निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय; तू लगेच निघ.

तुझा भाऊ,
विश्वजीत