खेळघराची दुपार

मलकापूर, ता. ९ जून १९९६

ती. आईस,
अक्षताचा सविनय जयभीम. वि. वि.

नोकरी सोड, नाहीतर प्रबुद्धला जतला पाठव, असं लिहिलंस. दोन्ही होणार नाही. दीड वर्षाचा आहे तो. रोज संध्याकाळी मला घरात हवा. आणि दवाखान्यातली नर्सची जागा मी परीक्षा देऊन मिळवली आहे. कुणालची पलटण सागरला, म्हणजे बापाचा हातभार नाही. तू गाव सोडत नाहीस, म्हणून तुला इकडे ये असं विचारतच नाही.

कराडात लहान मुलांचं खेळघर निघालं आहे. सगळं छपराखाली. घसरगुंडी, लाकडी घोडे, मऊ गाद्या, भिंतीवर ससे. रस्त्यावरचे ट्रक नाहीत, कुत्री नाहीत. बाई गोड बोलल्या. एक तारखेपासून तिथंच ठेवणार.

रागाव, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझी अक्षता

जत, ता. १५ जून १९९६

चि. सौ. अक्षतास आईचे आशीर्वाद.

ससे पोर सांभाळत नाहीत. सकाळी दाखवायला सगळंच झाडलेलं असतं. दुपारी जा, न सांगता. जमिनीवर बस आणि पोराच्या उंचीवरून बघ. खिळे तिथूनच दिसतात.

तुला मी बांधावरच्या बाभळीला बांधायची, कमरेला जुन्या लुगड्याच्या धडप्याची दोरी लावून. बाया नावं ठेवायच्या. मी खुरपत होते आणि विहिरीला कठडा नव्हता. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बांधेन. प्रबुद्धला गालगुच्चा.

तुझी आई अंजना

मलकापूर, ता. २३ जून १९९६

ती. आईस जयभीम.

गेले, दुपारी. खाली बसले. घसरगुंडीवर कोणी नव्हतं. मुलं खिडकीच्या गजांना ओढण्यांनी बांधलेली, बाई पलीकडच्या खोलीत साडीला फॉल लावत होत्या. मला म्हणाल्या, आवं, कुणी पडत न्हाई, कुणाला लागत न्हाई, तुमाला तेच हवं हुतं न्हवं? मी एका पोरीची गाठ सोडली. ती उठली नाही. तिथंच बसून राहिली.

तू मला बांधलंस तेव्हा तुझी नजर माझ्यावर होती. इथं विहीरही नाही आणि नजरही नाही. प्रबुद्ध तिथं जाणार नाही. नोकरीही सोडणार नाही.

आपल्या विहाराचा हॉल वंदनेपुरता उघडतो, दिवसभर कुलूप. मी किल्ली मागितली. समितीचे नानासो म्हणाले, पोरं मुततील. मी म्हटलं, मुततील, पुसू. निम्म्या वस्तीच्या नाळा मी कापल्यात. मग म्हणाले, दिवसभर बसणारं जाणतं माणूस आणा, मगच किल्ली. माणूस शोधते आहे, आणि किल्ली मिळेपर्यंत रोज त्यांच्या दारात जाणार आहे.

आशीर्वाद असू दे.

अक्षता

जत, ता. २९ जून १९९६

चि. सौ. अक्षतास,

जाणतं माणूस म्हटल्यावर माझं नाव घ्यायला जीभ अडली का? गाव सोडत नाही, हे तूच ठरवलंस. शुक्रवारच्या एसटीनं येते. नानासोंना सांग, म्हातारी जतची आहे, लय बोलते. किल्ली आधीच घेऊन ठेव.

दाराला आडवी फळी मार, पोराच्या छातीइतकी. विजेची बटणं वर घे. गाद्या नसल्या तरी चालतील, वाकळा मी आणते. आणि ती उठली नाही म्हणतेस, त्या पोरीच्या आईला गाठ. आधी तिला आण. चालेल ती, मी बघते.

शेळी शेजारच्या दगडाबाईला दिली. दोरीही शेळीबरोबर गेली.

तुझी आई