भेगेवरच्या खुंट्या

मुक्काम रत्नागिरी,
१६ जुलै २०२५

ती. आबांस, संयोगिताचा सा. न. वि. वि.

तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून स्पीडपोस्टानं लिहिते. मेमध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आमच्या टीमनं करंजवाडीच्या डोंगरावरच्या भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्या, तेव्हा अंतर साठ सेंटीमीटर होतं. आई शिलाईच्या टेपनं मोजून मला फोनवर सांगते. काल सहासष्ट भरलं. वरची तांबडी माती खालच्या काळ्या कातळावरून सरकतेय, आबा. पाणी मुरेल तशी ती आणखी जड होणार. तहसीलची माणसं हेच सांगायला आली, तर तुम्ही त्यांना चहा पाजून वाटेला लावलंत म्हणे.

खालच्या गावातल्या शाळेत खोल्या मोकळ्या आहेत. महिनाभर राहा. माझ्याशी भांडायचं तर तिथं बसून भांडा.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची
संयोगिता


करंजवाडी, ता. राधानगरी,
२० जुलै

चि. संयोगितास आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. बापाला शहाणपण शिकवायला तुला शिकवली न्हाय. दरसाल डोंगराला भेगा पडत्यात आणि मिटत्यात. तुमी नकाशात वाडी धोक्याची म्हणून लाल केल्यापास्नं इथल्या पोरांस्नी कोण पोरगी देईना. लोक तोंडावर म्हणत्यात, हंबीररावाच्या पोरीनंच घात केला. तुझा ज्ञानूकाका म्हशी सोडून शाळेत जाऊन झोपंल व्हय?

तुझी आई भर पावसात टेप घिऊन वर जाती. परवा घसरून गुडघा फोडून घेतला. सांगून ऐकत न्हाय. ‘ताई वाळलीया’ असं तुझा भाऊ यशराज म्हणला. वेळेवर जेवत जा की.

झऱ्याचं पाणी दोन दिस गढूळ यायलंय. इचारलं न्हाईस, पण लिहितो.

तुझा आबा


रत्नागिरी, २४ जुलै, सकाळी आठ

ती. आबांस नमस्कार.

गढूळ पाण्याचं काल वाचलं. झरा गढूळला म्हणजे डोंगराच्या आतली माती सुटतेय. आज आईनं चौऱ्याऐंशी सांगितलं आणि तेवढ्यात फोन तुटला. वाडीचा टॉवर बंद पडलाय. इकडचा घाटही बंद, मला येता येत नाही. हा मजकूर यशराज कागलच्या एमआयडीसीतून छापून घेऊन तुमच्याकडे निघालाय.

आबा, मी चुकले तर जन्मभर वाडीसमोर मान खाली घालीन. तुम्ही म्हणाल तर नोकरी सोडीन. आज फक्त उठा. भांडीकुंडी राहू देत. सगळ्यांना उठवा. तुमच्या पाया पडते.

संयोगिता


शाळा, खालचं गाव,
२७ जुलै

चि. संयोगितास आशीर्वाद.

यशराजनं तुला फोन लावून दिला हुता, पण मी तो तुझ्या आईच्या हातात दिला. म्हणून लिहितो. ह्याचा फोटो काढून तो धाडंल.

तुझा कागद वाचूनबी मी उठलो न्हवतो. तुझी आई उठली. फुटक्या गुडघ्यानं एकटीच दारोदार गेली, म्हणाली, माझी पोर पाया पडतीया, चला. तिला तसं बघून मला शरम वाटली. मग मीबी हाका मारत सुटलो. एकवीस घरं खाली आली. ज्ञानू म्हशींची दावी कापाय मागं फिरला. मी त्याला आडवला न्हाय. दुपारी तीनला डोंगर आला.

दोन दिस माणसं भलत्याच जागी उकरत हुती. जल्म तिथं गेला, पण भावाचं घर कुठं हुतं तेच मला वळखंना. मग तुझ्या हापिसातल्या बाईंनी घराघराची जागा लिहिलेली यादी काढली, जागा दावणारं बारकं मशीन हातात धरून चालत गेल्या आणि एका जागी थांबल्या. ज्ञानू तिथंच गावला. सात म्हशी खालच्या रानात जित्या फिरत्यात. तो आठवीजवळ हुता.

तुझं पयलं पत्र आलं तवाच उठलो असतो, तर म्हशी आमी सावकाश हाकत आणल्या असत्या. हे मी कुणाला सांगू, म्हणून तुला सांगतो.

पलीकडच्या डोंगरालाबी भेग हाय म्हणं. तिथं वाडीत भाऊसो हाय, माझ्याच वयाचा, माझ्यापरीस आडमुठा. घाट उघडला की तू तिकडं जाशील. मला संगं न्हे. तू मोजत बस. त्याला काय सांगायचं ते मी सांगतो.

ह्या वक्ताला आशीर्वादाबिगर द्यायला माझ्याजवळ काय न्हाय.

तुझा आबा