इस्त्री न लागणारं कापड

आबा,

आज दुपारी तालमीचा अध्यक्ष दुकानात आला होता. तुमच्या वेळचा नव्हे, त्याचा मुलगा. बाप गेल्यावर गुळाची अडत आणि तालीम दोन्ही त्याच्याकडे आली. अडतीसाठी निदान कोर्टात एखादा हेलपाटा पडला असेल, तालमीसाठी तोही पडला नाही. मारुतीपुढं नारळ फुटला आणि झाला अध्यक्ष. बरोबर पंचकमिटीतले दोघं होते. मी कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची मुद्दाम पुढे ओढली आणि त्याला बसायला दिली. तो बसला. त्याला काही वाटलं नाही. लोखंडी खुर्चीचं मी का सांगते आहे ते तुम्हाला कळेलच, तुमच्याइतकं ते कुणालाच कळणार नाही.

"तालमीचा मोठा उत्सव घेतोय अक्का," तो म्हणाला. "काचंचं कपाट करून घेतलंय, सागवानी. जुन्या ढाली, फोटो, समदं त्यात मांडणार हाय. तुमच्याकडं तो जुन्या जर्स्यांचा सेट हाय म्हणं. तेवढा द्या. आबांचा एक फोटो बी द्या, हार घालून लावू. आबा म्हंजे तालमीचा खरा माणूस."

खरा माणूस! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याला काय उत्तर दिलं ते पुढं सांगते. तो गेल्यापासून कामात लक्ष नाही. म्हणून बिलांच्या कोऱ्या पाठींवर हे लिहायला बसले आहे.

तालमीच्या फुटबॉल टीमच्या त्या जर्स्या मला अजून पाठ आहेत. जांभळ्या, पांढऱ्या कॉलरच्या, सुती. पहिल्यांदा धुतल्या तेव्हा अर्धा हौद जांभळा झाला आणि आई म्हणाली, "टीम काय खेळंल ती खेळंल, माझी लुगडी मातुर वाया गेली." त्यानंतर तुम्ही त्या मिठाच्या पाण्यात वेगळ्या भिजवायला लागलात. मॅच झाली की तालमीचा गठ्ठा आपल्याकडं यायचा आणि पुढच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी कडक इस्त्री होऊन परत जायचा. त्याचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत, आणि देऊ का असं कुणी विचारलंही नाही. बायकांना तालमीत पाऊल टाकायची बंदी. त्यामुळं माझ्यापुरती टीम म्हणजे त्या जर्स्याच. कुणाची कोपरावर फाटते, कुणाची घामानं काखेत विटते, कोण पडतो आणि कोण नुसताच पळाल्यासारखं करतो, हे मला मॅच न बघता कळायचं. अध्यक्षांच्या भाच्याची जर्सी नेहमी स्वच्छ यायची. तुम्ही ती उलटीसुलटी करून बघायचात आणि म्हणायचात, "ह्यो मैदानावर गेलता का पावण्याकडं?"

गठ्ठा न्यायला कॅप्टन स्वतः यायचा. मागच्या गल्लीतल्या मुसलमान बँडवाल्यांचा मुलगा तो. रोज पहाटेच्या एस.टी.नं हुपरीला चांदीच्या कामाला जायचा आणि संध्याकाळी परत येऊन प्रॅक्टिस करायचा. पैंजण घडवून त्याची बोटं कायम काळी असायची, म्हणून दुकानाबाहेर चपला काढून तो आधी आपल्या हौदावर हात धुवायचा. मग गठ्ठा डोक्यावर घ्यायचा, खांद्यावर नाही, काखेत तर नाहीच, आणि तालमीत नेऊन मारुतीच्या पायाशी ठेवायचा. ही रीत कुणी पाडली माहीत नाही. तुम्ही मात्र तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभे राहायचात. देवाची पालखी निघाली तरी तुम्ही एवढा वेळ उभे राहत नव्हतात.

आणि ती फायनल. आपल्या पेठेनं तो कप कधीच बघितला नव्हता. तुम्ही सकाळीच दुकान बंद केलंत, मला आणि आईला घेऊन गेलात. मैदानावर बायका मोजक्याच, त्यातल्या दोन आम्ही. माझं लग्न ठरत होतं, आई कुजबुजत होती, "कुणी बघितलं तर काय म्हनतील," आणि तुम्ही म्हणालात, "म्हनू दे की. कप रोज येत न्हाई." हाफ टाइमला आपण एक गोलनं पुढं आहोत. गोल कॅप्टनचा. तुम्ही टोपी काढून हातात धरली आहे आणि तुमच्या टकलावर ऊन पडलंय, तरी तुम्हाला त्याचं भान नाही. अध्यक्ष तेव्हा येतात, उशिरा, बाजारातला गुळाचा सौदा उरकून. मांडवात पहिल्या रांगेत एक मऊ कोच, त्यावर समोरच्या पेठेचे अध्यक्ष आधीच बसलेले. आपल्या अध्यक्षांना कुणीतरी दुसऱ्या रांगेत लोखंडी खुर्ची देतं. एवढंच घडलं. एवढंच!

आम्हाला लांबून काही दिसलं नाही. फक्त ओरडा ऐकू आला, "पेठंचा अपमान झाला! टीम भाईर काढा!" आणि आबा, आपली सगळी पेठ त्या ओरड्याला उठून उभी राहिली. काय झालं, कुणी केलं, कुणी विचारलं नाही. पेठेचा अपमान म्हटल्यावर विचारायचं काय असतं? हलगी वाजायला लागली. पोरं मैदानातून बाहेर यायला लागली, लोक त्यांना खांद्यावर घ्यायला लागले. तुम्हीसुद्धा टोपी हवेत उडवलीत. आपण कप टाकून, जिंकल्यासारखे नाचत घराकडं निघालो. पेठेच्या कोपऱ्यावर आल्यावर कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. "पर झालं काय रं नेमकं?" दुसरा म्हणाला, "मालकास्नी कोच दिला न्हाई. खुर्ची दिली, लोखंडाची." हलगी थांबली. तुमचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. तसा चेहरा मी नंतर एकदाच बघितला, तुम्हाला दवाखान्यात नेलं तेव्हा.

मग कळलं की कॅप्टन बाहेर आलाच नव्हता. सगळी टीम निघाली तरी तो मैदानाच्या मधोमध, बॉलवर पाय ठेवून उभा होता. रेफ्रीनं वाट बघितली, शेवटी शिट्टी मारून कप समोरच्यांना दिला, तेव्हा तो निघाला. अंधार पडताना एकटा चालत दुकानात आला आणि अंगातली जर्सी काढून तुमच्या हातात दिली. "आबा, ही धुवायची गरज न्हाई," म्हणाला. "अर्धीच खेळलीय." तुम्ही ती घेतलीत आणि बाकीच्या गठ्ठ्यापासून वेगळी ठेवलीत.

त्या आठवड्यात आपलं दुकान म्हणजे शिव्यांचा कारखाना झालं होतं. जो येतो तो अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडतो. एकच कापड टाकायला आलेला माणूस तासभर बसतो. "गुळाच्या ढेपंगत तालीम इकून खाल्ली," "भाचा खेळतोय, पोरं बसल्यात," "आता बैठकीत जाब इचारतोच, बघा." आई चहा करून करून थकली. मग बैठक झाली. मी आणि आई समोरच्या कट्ट्यावर उभ्या होतो. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. आधी कॅप्टनला काढून टाकल्याचं सांगितलं, हुकूम मोडला म्हणून. मग अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काय बोलायचं आसंल तर मारुतीम्होरं बोला." बाहेर एका सायकलची घंटी वाजली, तेवढीच. आपल्याकडं ही रीतच आहे, मारुतीपुढं गप्प बसलं की ठराव मंजूर. मग तुमचा आवाज आला. "मी बोलतो. पोरानं काय वंगाळ केलं? मैदान सोडून त्यो गेला का आपण गेलो?" आणि अध्यक्षांचा, शांत, चेष्टेचा: "परटानं कापडं धुवावीत. तालमीची धुणी काढू नयेत." लोक हसले आबा. घाबरून गप्प बसले असते तर मी समजून घेतलं असतं. ते हसले. आदल्या दिवशी आपल्या चहाचे कप रिकामे करणारे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या जर्स्यांना इस्त्री केलीत, धुतलेल्या धोतरात बांधल्यात आणि पेटीत ठेवून कुलूप घातलंत. तालमीचा माणूस न्यायला आला तेव्हा म्हणालात, "कॅप्टन न्यायला यील. दुसऱ्या कुणाच्या हातात देनार न्हाई." आई काकुळतीला आली. "अवं द्या की, पेठंत ऱ्हायाचं हाय आपल्याला." कॅप्टन स्वतः येऊन सांगून गेला, "माझ्यासाठी वाईटपणा घिऊ नका आबा." तुम्ही म्हणालात, "तुझ्यासाठी न्हाई, माझ्यासाठी." तुम्हाला वाटत होतं, जर्सीशिवाय टीम उतरणार कशी? झक मारत येतील. केवढा भाबडेपणा! नव्या सीझनला अध्यक्षांनी मुंबईहून चकचकीत टेरिलीनचा सेट आणला, पाठीवर अडत दुकानाचं नाव. आणि आपलं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं बघून माणूस पाठवला. त्यानं दारातूनच सांगितलं, "मालकांनी निरोप दिलाय. ह्या कापडाला इस्त्री लागत न्हाई."

तुमच्या हातात तापलेली इस्त्री होती. तुम्ही ती खाली ठेवलीत, कोळशांवर फुंकर मारलीत आणि पुढचा सदरा घेतलात.

तुमच्यावरही माझा राग आहे, हे आज लिहून टाकते. अध्यक्षांना तुम्ही शिक्षा द्यायला गेलात आणि भोगलीत तुम्ही एकट्यानं. पहिल्या मॅचला सगळी पेठ टेरिलीनला टाळ्या वाजवायला हजर होती. शिव्या देणारे, हसणारे, सगळे. कॅप्टन बायकोपोरं घेऊन हुपरीलाच राहायला गेला. तुम्ही त्यानंतर मैदानावर पाय ठेवला नाही, पण मॅचच्या दिवशी ओरडा दुकानापर्यंत यायचा तेव्हा तुमचा हात थांबायचा. मान वर न करता विचारायचात, "कुणाचा?" एकदा त्या नादात मास्तरांचं धोतर जळलं. त्यानंतर दोन पावसाळे काढलेत तुम्ही. आणि तुम्ही गेलात तेव्हा पहिला हार कुणाचा आला? तालमीचा. अध्यक्षांनी स्वतः आणला. मी तो खाली ठेवला, कुणीतरी उचलून पुन्हा तुमच्या अंगावर घातला. रडायचं सोडून मी त्या हाराकडंच बघत राहिले.

आता टीम कशी आहे म्हणाल तर आणखी बिघडली आहे. बाहेरचे खेळाडू आणतात, पेठेतली पोरं बाकावर. हरलं की रेफ्री वाईट, जिंकलं की अध्यक्षांचं मार्गदर्शन. लोक माझ्याकडं येऊन अजून तशाच शिव्या देतात. मी चहा करत नाही.

तर आजचं. मी त्या मुलाला विचारलं, "उत्सवाला कॅप्टनला बोलावलंय का?"

तो म्हणाला, "कोन कॅप्टन?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्याबरोबरच्या दोघांतला एक मात्र माझी नजर चुकवून फरशीकडं बघायला लागला. तुमच्या दुकानात त्या आठवड्यात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा तोच होता. आता पंचकमिटीत आहे, केस पिकलेत.

"हुपरीत ऱ्हातोय," मी म्हणाले. "त्याला तालमीत बोलवा. त्यानं यिऊन मागितल्या तर देतो. दुसऱ्या कुणाच्या हातात न्हाई देत. आणि आबांचा फोटो न्हाईच."

तो हसला. "अक्का, कपाट रिकामं ऱ्हाईल की मग."

"ऱ्हाऊ दे."

ते गेले. मी पेटी उघडली. रंग तसाच आहे, घड्यांवर मात्र पांढरे पट्टे उठलेत. कॅप्टनची सगळ्यात वर आहे, धुतलेली नाही, तुम्ही नुसतीच इस्त्री केलेली. मी पुन्हा कुलूप लावलं. कॅप्टन येणार नाही हे मला माहीत आहे. त्याला कुणी बोलावणार नाही आणि बोलावलं तरी तो यायचा नाही. म्हणजे तुमची अट मीही पाळणार आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग होणार नाही. तुमचीच पोरगी आहे, दुसरं काय करणार.

हे कागद मी कुठं ठेवणार नाही. सकाळी वीज नसते, तेव्हा तुमचीच कोळशाची इस्त्री काढते, ती पेटवायला कागद लागतोच.

फक्त एक राहिलं. उद्या फायनल आहे, आपलीच. इतक्या वर्षांनी पुन्हा. टेरिलीनवाल्यांची, अडतवाल्यांची, म्हणा काय म्हणायचं ते. माझा मुलगा मघाशी तिकिटं घेऊन आला. मला न विचारता त्यानं दोन काढलीत, आणि आबा, एक परत करून ये, असं मी त्याला म्हणाले नाही.